पॅच कितीचा?

जिन्यात कुणी भेटलं की बाकीची माणसं "काय, बरंय ना?" म्हणतात. नाना म्हणतात, "पॅच कितीचा?"

नवीन भाडेकरूला वाटतं, भिंतीच्या ओलीबद्दल विचारताहेत. जुने सभासद मात्र मुकाट्याने खिशातून फोन काढून नानांच्या हातावर ठेवतात. नाना कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, सेटिंग उघडतात, अंगठ्याने सरकवत तळाशी जातात, 'फोनबद्दल' असं लिहिलेल्या ओळीवर थांबतात. आधी अँड्रॉइडची आवृत्ती वाचतात, मग सिक्युरिटी पॅचची तारीख. "मार्च," ते म्हणतात, "आणि आत्ता चालू काय आहे? नोव्हेंबर." एवढं बोलून फोन परत. पुढे काही नाही. पण दाढी न करता ड्युटीवर आलेल्या कंडक्टरला ते एके काळी कसे बघत असतील, याची कल्पना त्या एका नजरेत येते.

जुन्या सांगवीतली आमची सोसायटी तशी साधी. पार्किंगवरून भांडणारा एक, वर्गणी गोळा करणारा एक, वार्षिक सभेत फक्त बिस्किटांच्या वेळी हजर होणारे बरेच. ही सगळी खाती पूर्वीपासून भरलेली होती. दुसऱ्यांच्या फोनचं सॉफ्टवेअर तपासणं हे पद अलीकडचं. आता ते प्रत्येक सोसायटीत आहे, आणि त्यावर बसलेला माणूस बहुधा निवृत्त, बहुधा सकाळी फिरायला जाणारा आणि हमखास कुणी न बोलावता आलेला असतो. आमच्याकडे नाना आहेत.

नाना एसटीत चार्जमन होते. आधी वेगवेगळ्या डेपोंत, आणि शेवटची वर्षं पुलापलीकडच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. एसटीत गाडी ठरावीक किलोमीटर धावली की तिला डॉकिंगला घेतात. चांगली चालत असली तरी घेतात. खाली खड्ड्यात माणूस उतरतो, वंगण, ब्रेक, पाटे, नट-बोल्ट सगळं बघतो. नानांचं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं. "बंद पडल्यावर गाडी कुणीही दुरुस्त करेल," ते सांगतात, "बंद पडायच्या आधी बोल्ट पिळायला अक्कल लागते." निवृत्तीनंतर पिळायला बोल्ट उरले नाहीत. घरातले नळ पिळून झाले, शेजारच्यांचे पिळून झाले, एकाची चूडी गेली तेव्हा नानी मध्ये पडल्या. अशा पोकळीत नानांच्या हाती स्मार्टफोन आला आणि त्यात त्यांना 'चेक फॉर अपडेट' नावाचं बटण सापडलं.

नाना वाचन करून तयार झालेले आहेत. ऑगस्ट 2015 ही तारीख त्यांना पानशेतच्या पुराइतकी पाठ आहे. त्या वर्षी स्टेजफ्राइट नावाचं भोक सापडलं. नुसता एक व्हिडिओ मेसेज पाठवून समोरच्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येईल, असलं. तेव्हापासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेची ठिगळं जाहीर करायला सुरुवात केली. नाना हे सगळं लिफ्टमध्ये सांगतात. आमची लिफ्ट चार मजल्यांची असल्यामुळे स्टेजफ्राइट बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्यावर सापडतं आणि त्याचा बंदोबस्त होईपर्यंत दार उघडं धरून ठेवावं लागतं.

त्यांच्याकडे एक वही आहे. महामंडळाची जुनी डायरी, तारखांकडे दुर्लक्ष करून उभे रकाने पाडलेली. फ्लॅट, कंपनी, आवृत्ती, पॅच, शिल्लक जागा, शेरा. मला एकदा बघायला मिळाली. "ए-4. अँड्रॉइड 9. जागा 300 एमबी. शेरा: ऐकत नाहीत." "बी-11. अँड्रॉइड 12. पॅच जुना. शेरा: बँकेत होते, तरी ही अवस्था." "सी-2. बॅटरी फुगली आहे. शेरा: सुनेला सांगितले. सून हसली." वॉचमनचा फोन मात्र अद्ययावत होता आणि त्याच्यापुढे नानांनी लाल शाईने बरोबरची खूण केली होती. माझ्या नावापुढे काय होतं ते मी इथे सांगणार नाही.

प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये अपडेट कुठे लपवून ठेवलंय, हे नानांना डोळे मिटून सांगता येतं. सॅमसंगमध्ये सेटिंगच्या तळाशी 'सॉफ्टवेअर अपडेट' म्हणून स्वतंत्र ओळ. मोटोरोलात 'सिस्टिम'च्या आत. शाओमीत 'फोनबद्दल' वरच असतं आणि आवृत्तीच्या चौकोनावर बोट ठेवावं लागतं. याबद्दल त्यांची नाराजी आहे. टाटा असो की लेलँड, ऑइल बघायची पट्टी इंजिनाजवळच असते. ड्रायव्हरच्या सीटखाली कुणी ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं आणि ते मला पटतं.

आवृत्त्यांच्या नावांचा विषय मात्र नाजूक आहे. नानांना मधुमेह. आणि अँड्रॉइडच्या आवृत्त्या 2009 पासून कपकेक, डोनट, एक्लेअर अशा चढत गेलेल्या. जेली बीन, किटकॅट, लॉलिपॉप, मार्शमेलो करत 2018 साली पायपर्यंत. नानांना ही यादी क्रमाने म्हणायला लावली की ते जरा हळू म्हणतात, प्रत्येक पदार्थापाशी थांबत. 2019 मध्ये गूगलने मिठाई बंद करून नुसते आकडे सुरू केले, अँड्रॉइड 10 पासून. ही नावं जगभर सगळ्यांना कळत नाहीत, काही भाषांच्या लोकांना एल आणि आर वेगळे ऐकू येत नाहीत, पाय हा पदार्थ सगळीकडे गोड नसतो, अशी कारणं तेव्हा दिली गेली. नानांना ती मान्य नाहीत. "त्यांनाही डॉक्टरने सांगितलं असणार," ते म्हणतात. पी आलं तेव्हा पुरणपोळी ठेवायची सोन्यासारखी संधी होती, ती घालवली, याचंही त्यांना दुःख आहे. त्यांना पुरणपोळी वर्षातून एक मिळते. तीही अर्धी.

आता प्रत्यक्ष अपडेट. नाना कुणाचाही फोन सरळ हातात घेऊन बटण दाबत नाहीत. आधी तपासणी. बॅटरी निम्म्याच्या वर हवी. वायफाय हवं, वर्क ऑर्डरशिवाय डिझेल नाही, तसं वायफायशिवाय अपडेट नाही. फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवलेली हवी. आणि जागा मोकळी हवी. इथे सगळ्यांची गाडी अडते.

कारण आपल्याकडच्या फोनमध्ये जागा नसते, शुभेच्छा असतात. भारतातले फोन सकाळच्या गुड मॉर्निंगच्या चित्रांनी तुडुंब भरतात, हे गूगलच्याही ध्यानात आलं होतं. फोन साफ करण्यासाठी 2017 च्या डिसेंबरात त्यांनी काढलेल्या फाइल्स गो ॲपला ही चित्रं हुडकून काढायला शिकवलं गेलं. परंतु गूगलने ए-4 च्या काकूंना पाहिलेलं नाही. काकूंच्या फोनमध्ये सूर्योदय, गुलाब, वाफाळता कप आणि त्याखाली सुविचार, अशी अगणित चित्रं. नानांनी डिलीट करायला बोट उचललं की काकू ओरडतात, "अहो, ते गणपतीचं आहे!" पुढचं? "ते दत्ताचं. ते तर अजिबात नको." पुढचं स्वामी समर्थांचं. असं करत नाना घामाघूम झाले तेव्हा तोडगा निघाला. देव सगळे मेमरी कार्डवर न्यायचे, सुविचार उडवायचे. काकूंनी थोडा विचार करून मान्यता दिली. सुविचार गेल्यावर अडीच जीबी जागा झाली. एवढं चांगलं बोलणं त्या फोनमध्ये पडून होतं आणि ए विंगच्या भांडणांत त्यातलं एक अक्षर कधी वापरलं गेलं नव्हतं.

जुन्या फोनचं अपडेट म्हणजे सोहळा. फोन बंद होतो, उभा हिरवा रोबोट दिसतो, पोटात काहीतरी फिरतं. मग चालू होतो आणि एकेक ॲप नव्या आवृत्तीसाठी तयार करायला घेतो. पडद्यावर "112 पैकी 37" असे आकडे सरकत राहतात. या वेळेत फोनचा मालक काहीच करू शकत नाही. फोनच नसल्यामुळे वेळ काढायला फोन बघू शकत नाही. मग तो नानांशी बोलतो. सी विंगमधल्या एका गृहस्थांना आपल्या शेजारी राहणाऱ्या नानांना दोन मुली आहेत हे 112 पैकी 58 ला कळलं. नवीन फोनमध्ये ही मजा राहिली नाही, अशी नानांची तक्रार आहे. 2016 च्या नूगटपासून गूगलने सोय केली, तीत फोनमध्ये यंत्रणेच्या दोन जागा असतात. एकीवर फोन चालू असताना दुसरीवर नवी आवृत्ती गुपचूप बसवली जाते, नुसतं एकदा रिस्टार्ट केलं की झालं. "म्हणजे गाडी धावता धावता दुसरं इंजिन चढवलं," नाना म्हणतात. त्यात कौतुक किती आणि नापसंती किती, सांगणं कठीण.

या कारभाराला विरोधी पक्ष आहेच. त्याचे पुढारी सेक्रेटरी. त्यांचा सिद्धांत एकच: चांगल्या चाललेल्या वस्तूला हात लावू नये, अपडेट म्हणजे कंपन्यांनी जुना फोन मुद्दाम मंद करून नवा गळ्यात मारायचा डाव. पुरावा म्हणून ते 2017 चा डिसेंबर काढतात. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आम्ही कमी करतो, असं ॲपलने तेव्हा कबूल केलं होतं. माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला होता. नाना यावर म्हणतात, "ती बॅटरीची भानगड होती, अचानक फोन बंद पडू नये म्हणून. सांगून केलं असतं तर कुणी बोललं नसतं." सेक्रेटरी म्हणतात, "म्हणजे केलं ना?" नाना म्हणतात, "केलं." इथे दोघे गप्प होतात. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे. अगदी जुन्या फोनवर मोठी आवृत्ती चढवली की तो धापा टाकतो, हे मीही पाहिलंय. आणि छोटे सुरक्षेचे पॅच टाळण्यात काही शहाणपण नाही, हेही तितकंच खरं. पण वादात मधल्या माणसाला आमच्याकडे चहा देत नाहीत.

सेक्रेटरींवर नानांनी एकदाच मात केली. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटलं की "तुम्ही आता डेव्हलपर आहात" असा संदेश येतो. नानांनी कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर हे करून दाखवलं आणि म्हणाले, "बघा, सात टिचक्यांत मिळाला. तुम्ही आमच्या बिल्डिंगसाठी कधीपासून शोधताय?" रीडेव्हलपमेंटचा विषय त्या दिवशी पुढे ढकलण्यात आला.

ए-4 च्या काकूंना एकदा व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. तुमच्या वाहनाचं आरटीओ चलन थकलंय, बघण्यासाठी हे उघडा. फाइलच्या नावाशेवटी एपीके. काकूंकडे सायकलसुद्धा नाही. तरी त्या घाबरून ती उघडणार होत्या, कारण सरकारी कागदाला 'आमच्याकडे गाडी नाही' म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटत होतं. योगायोगाने नाना दारात होते. ही फाइल म्हणजे ॲप. एकदा बसवलं की फोनचे मेसेज वाचतं, ओटीपी पळवतं, खातं रिकामं. नानांनी ती उडवली, बाहेरून आलेली ॲपं बसवायची परवानगी बंद केली आणि दारातच एक नियम सांगितला, जो आता नोटीस बोर्डावर खडूने लिहिलेला आहे: 'अपडेट सेटिंगमधून येतो. व्हॉट्सॲपवरून येतो तो चोर.' त्या दिवसापासून काकू नानांना फोन बघू देतात. अपडेट मात्र मारू देत नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता नानांचा स्वतःचा फोन.

त्याच्याबद्दल सोसायटीत हळू आवाजात बोललं जातं. तो अँड्रॉइड 6 वर आहे. मार्शमेलो. काच एका कोपऱ्यात चिरलेली, मागे रबर लावून झाकण धरलेलं. शेवटचा पॅच 2017 चा. त्यानंतर कंपनीकडून पत्र नाही, निरोप नाही. आणि नाना रोज सकाळी फिरून आले की बाकावर बसून 'चेक फॉर अपडेट' दाबतात. गोल फिरतं. मग उत्तर येतं: तुमची सिस्टिम अप टू डेट आहे.

कंपनी इथे खोटं बोलत नाही, हीच गंमत आहे. तिच्याकडे या फोनसाठी यापेक्षा नवं काही नाही, म्हणून तिच्या हिशेबी हे अद्ययावतच. मोबाइलवाल्या पोरांना विचारा, सगळ्यांना हे माहीत असतं. नानांना तर फारच चांगलं माहीत आहे. जुन्या फोनला अपडेट का येत नाही, हे त्यांनी मला दापोडीच्या भाषेत समजावलं होतं. गूगल अँड्रॉइड बनवतं. ते चिप बनवणारा आपल्या चिपवर बसवून घेतो. मग फोनची कंपनी त्यावर आपला रंग चढवते. या साखळीत चिपवाल्याने हात वर केले की पुढचे सगळे थांबले. "स्पेअर यायचं बंद झालं की गाडी लिलावात." 2017 च्या ओरिओमध्ये गूगलने ट्रेबल नावाची रचना आणली, तीत चिपच्या जवळचा भाग आणि वरचा अँड्रॉइड वेगळे काढले. नाना हे सांगताना खुलतात, कारण दापोडीत त्यांनी हेच केलं: जुनी बॉडी उतरवायची, चासी तीच, वर नवी बॉडी बांधायची. "पूर्वी फोनमध्ये चासी आणि बॉडी एकत्र वेल्डिंग केलेली असायची. माझा फोन त्यातला."

मग बदलत का नाही? मुली विचारतात, जावई विचारतात. धाकटे जावई हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्यांचा फोन पाच महिने 'नंतर आठवण करा'वर आहे, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला नानांकडे किंमत नाही. गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं, पाठोपाठ 2024 च्या सुरुवातीला सॅमसंगने एस 24 ला तेच. नानांनी हे कौतुकाने वाचून दाखवलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "सात वर्षं? म्हणजे तो माझ्यामागे राहणार. मग त्याचे पॅच कोण मारणार, हे?" हे म्हणजे जावई.

पण गेल्या वर्षी पंचाईत झालीच. नानांना ईपीएस-95 ची पेन्शन आहे. रक्कम ऐकून पाहुणे चहाला नको म्हणतात. तरी वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून हा दाखला जीवन प्रमाण म्हणून डिजिटल झाला. अंगठा लावायचा, काम झालं. नानांचा अंगठा लागत नाही. आयुष्यभर पाने आणि ग्रीस हाताळून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्यात. यंत्र दरवेळी लाल दिवा लावतं. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, आजोबा, आता चेहऱ्याने होतं, घरबसल्या, फोनवर. नाना घरी आले, ॲप शोधलं. फोन म्हणाला, हे ॲप तुमच्या डिव्हाइससाठी उपलब्ध नाही. त्याच फोनने सकाळीच आपण अप टू डेट असल्याचं सांगितलं होतं.

नानी म्हणाल्या, वॉचमनचा घ्या. पण वॉचमन गावी गेला होता. बी-11 वाले तीर्थयात्रेला. राहिल्या ए-4 च्या काकू. नाना डायरी काखेत घेऊन खाली गेले, मीही मागून गेलो. काकूंनी काहीही न विचारता फोन काढून दिला, खुर्ची उजेडात सरकवली, नानांच्या कपाळावरचे केस स्वतःच्या हाताने नीट केले. "बघा हं कॅमेऱ्यात. डोळ्यांची उघडझाप करायची म्हणतात."

नानांनी फोन हातात घेतला, चष्मा नाकावर आणला, आणि अंगठा सरळ सेटिंगच्या तळाशी नेला.

"काकू," ते म्हणाले, "पॅच गेल्या वर्षीच्या मार्चचा आहे."

"असू दे हो! आधी तुमचा दाखला करा."

"माझा आधार, माझा चेहरा, माझं पेन्शन, आणि ते मी या फोनमध्ये टाकू? आधी अपडेट."

"अहो, तुम्ही जिवंत आहात हे सरकारला कळवायचं आहे!"

"सरकार थांबेल. जागा किती आहे बघू." जागा होती, सुविचार परत साठायला अजून वेळ होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तत्त्व आणि शेजारधर्म यांच्यामध्ये काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मारा काय मारायचं ते. पण माझे दत्त गेले तर बघा."

नानांनी बटणावर बोट नेलं आणि तिथेच थबकले.

"बॅटरी एकेचाळीस टक्के," ते म्हणाले. "चार्जर कुठाय?"